पेपरची लाइन : शाळकरी वयातले पहिले काम

घरोघर वर्तमानपत्र टाकणे हे महाराष्ट्रातील शहरांत अनेक पिढ्यांचे पहिले पगारी काम ठरले आहे. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर अशा शहरांत आठवी ते दहावीतली मुले पहाटे दोन तास पेपर टाकीत आणि मग दप्तर उचलून शाळेत जात. ठरलेल्या गल्ल्या आणि त्यांतली ठरलेली घरे मिळून जी साखळी होते तिला ‘लाइन’ म्हणतात. शंभराच्या आगेमागे घरांची एक लाइन एका मुलाकडे असते. ती त्याच्याकडे आली की त्याच्या नावाने ओळखली जाते, आणि वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलाच्या नावावर शहराचा एक तुकडा लागतो.

या कामाची जाहिरात कधी निघत नाही. वाड्यातला मित्र, चाळीतला मोठा मुलगा किंवा चुलतभाऊ लाइन सोडणार असतो आणि त्याच्या तोंडून बातमी कळते. जागा बहुधा एप्रिल-मे महिन्यांत रिकाम्या होतात. कोणी दहावीच्या वर्षात जातो, कोणाचे घर बदलते, कोणाला दिवसभराचे काम मिळते. मग नवा मुलगा विक्रेत्याच्या ठिय्यावर जाऊन उभा राहतो. हा ठिय्या म्हणजे चौकातल्या बंद दुकानाची पायरी, बसथांब्याची शेड किंवा रेल्वे स्थानकाबाहेरचा फुटपाथ. विक्रेत्याला सगळे काका किंवा भाऊ म्हणतात. तो विचारतो ते मोजकेच : सायकल आहे का, घरी विचारलंस का, आणि पहाटे उठवणार कोण.

यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असतो. ‘मी उठेन’ हे उत्तर विक्रेत्याला पुरत नाही. त्याने अशी उत्तरे देणारी पुष्कळ मुले आठ दिवसांत गळताना पाहिलेली असतात. ‘आई उठवेल’ म्हटले की तो निश्चिंत होतो. म्हणूनच हे काम मुलाचे असले तरी ते घर मिळून स्वीकारते. पहाटे चारला आई उठते, चहा ठेवते, दाराची कडी काढते. काही घरांत वडील आधी नकार देतात. पोराला पेपर टाकायला लावले म्हणून नातेवाईक बोलतील, अभ्यास मागे पडेल, ही दोन्ही कारणे खरी असतात. काम करायची कारणेही तितकीच खरी असतात : वह्या-पुस्तके, सहलीची वर्गणी, सायकलचे नवे टायर, नाहीतर घरातला कमी पडणारा पगार. कारण कोणते आहे यावर त्या कामाचा अनुभव ठरतो. सहलीसाठी काम करणारा मुलगा कंटाळला तर ते सोडू शकतो. ज्याच्या पैशांतून घरात धान्य येते त्याला सोडण्याची मुभा नसते.

काम शिकण्याच्या काळाला ‘लाइन दाखवणे’ म्हणतात. जुना मुलगा तीन-चार दिवस नव्याला बरोबर घेऊन फिरतो. शिकण्यासारखे वाटते त्याहून अधिक असते, कारण प्रत्येक घरचा पेपर वेगळा असतो. पुण्यात १९३२ साली सुरू झालेला ‘सकाळ’, १९४८ पासूनचा ‘लोकसत्ता’, १९६२ चा ‘महाराष्ट्र टाइम्स’ यांचे वाचक बरेचदा घराण्याने ठरलेले असतात. आजोबांनी लावलेला पेपर नातवापर्यंत चालतो. एका घरात मराठीबरोबर इंग्रजी पेपर जातो, दुसऱ्यात फक्त रविवारी, तिसऱ्यात साप्ताहिक. चुकीचा पेपर पडला तर तो पहिल्या चहाच्या आत लक्षात येतो. सुरुवातीला पेपरच्या कडेला पेन्सिलीने खोलीचा किंवा फ्लॅटचा क्रमांक लिहून ठेवतात. आठवड्याभरात क्रमांकांची गरज सरते. मुलाला घरे खुणांनी आठवू लागतात : तुळशीवृंदावन, निळे दार, जिन्याखालची मोडकी सायकल, खिडकीत जागे असलेले आजोबा.

रोजचे काम ठरलेल्या क्रमाने चालते. छापखान्यात लांबच्या गावांना जाणाऱ्या आवृत्त्या आधी छापतात आणि शहर आवृत्ती सर्वांत शेवटी, म्हणजे तिच्यात रात्रीची उशिराची बातमीही येते. पहाटे टेम्पोतून गठ्ठे ठिय्यावर उतरतात. विक्रेता अंक मोजून देतो. पुरवण्या वेगळ्या येतात. त्या हाताने मुख्य अंकात घालाव्या लागतात. दुकानांची जाहिरातीची पत्रके असतील तर तीही घालायची. रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात मुले रांगेत बसून हे करतात आणि त्यांची बोटे शाईने काळी होतात. नंतर ‘लाइन लावतात’ : शेवटच्या घराचा पेपर सर्वांत खाली आणि पहिल्या घराचा सर्वांत वर. एक अंक मागेपुढे झाला तर तिथून पुढची प्रत्येक चूक त्याच्यामागे येते. गठ्ठा सायकलच्या जुन्या ट्यूबने कॅरिअरवर आवळला की फेरी सुरू होते.

या ओझ्याचा अंदाज वाचकाला सहसा नसतो. मोठ्या आकाराचा १६ पानी अंक साधारण ७० ग्रॅमचा भरतो. शंभर अंक म्हणजे ७ किलो. पुरवण्यांच्या दिवशी पाने दुप्पट झाली तर १४ किलो, आणि हे ओझे तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या सायकलवर. ओझे टाकता टाकता हलके होत जाते, जिने मात्र तेवढेच राहतात. चार मजली इमारतीत अनुभवी मुलगा आधी वरपर्यंत चढतो आणि उतरताना एकेका मजल्यावर पेपर टाकतो. दम चढताना लागतो, लक्ष उतरताना राहते. घराप्रमाणे टाकण्याची रीतही बदलते. बंगल्याच्या फाटकावरून फेकायचा पेपर घट्ट गुंडाळावा लागतो, नाहीतर तो हवेतच उलगडतो. फ्लॅटच्या दाराला तो कडीत अडकवतात. जुन्या वाड्यात चौकातून वरच्या सज्ज्यात फेकतात. सडा घातलेल्या अंगणात मात्र पेपर कधीच टाकत नाहीत. तो ओटीवर किंवा पायरीवर ठेवायचा हे कोणीतरी एकदा सांगते आणि मग ते कायम लक्षात राहते.

मे महिन्यात काम धरलेल्या मुलाची खरी परीक्षा जूनमध्ये होते. महिनाभर कोरड्या रस्त्यांवर, शाळेच्या सुट्टीत लाइन अंगवळणी पडते, आणि पाऊस व शाळा एकाच पंधरवड्यात सुरू होतात. पावसात पेपर प्लॅस्टिकच्या कापडात गुंडाळतात, मुलगा स्वतः बहुधा भिजतो. आडोसा नसलेल्या दारापाशी थांबून कोरडी जागा शोधावी लागते. फेरीला अर्धा तास जास्त लागतो, नेमका तोच अर्धा तास आता शाळेसाठी हवा असतो. थंडीत बोटे बधिर होऊन पुरवण्या सुटत नाहीत. अंधाराचे धोके वेगळे. रिकाम्या रस्त्यावर गाड्या वेगाने येतात, म्हणून सायकलच्या मागच्या मडगार्डवर लाल परावर्तक हवाच. भटकी कुत्री रोजची असतात. ती ओळखीची झाली तरी एखादे नवे येते. कुत्रा चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घेणे, ही दोन कामे लाइनीपेक्षा आधी करायची असतात. ही गोष्ट मुलाला पहिल्या दिवशीच सांगायला हवी. घरी रागावतील किंवा काम सुटेल या भीतीने मुले चावा लपवतात, आणि त्या लपवण्यात जिवाचा धोका असतो.

या कामातला सर्वांत मोठा शब्द ‘खाडा’ हा आहे. न सांगता न येणे म्हणजे खाडा. शाळेत गैरहजर राहिलेल्या मुलाचा अभ्यास बुडतो. नुकसान त्याचे एकट्याचे असते. लाइनीवर खाडा झाला तर शंभर दारांत पेपर पडत नाही. सकाळी सातपासून विक्रेत्याला विचारणा होऊ लागते, तो स्वतः सायकल काढतो आणि त्याची दुसरी कामे खोळंबतात. आपण गेलो नाही तर परक्या माणसांचे काहीतरी अडते, हे मुलाला इथे पहिल्यांदा कळते. घरात त्याच्यावर प्रेम असते, शाळेत त्याच्याकडून अपेक्षा असतात. त्याच्यावर विसंबून राहणारे मात्र तोवर कोणी नसते. पेपरसाठी दाराशी उभे असलेले एखादे वृद्ध गृहस्थ त्याचे नावही जाणत नाहीत, पण रोज सहा वाजता तो येणार हे धरून चालतात. तेराव्या-चौदाव्या वर्षी एवढा विश्वास मिळणे ही या कामाची मुख्य मिळकत आहे. पगार तिच्यानंतर येतो.

आजारपण सांगायची रीतही याच शब्दाभोवती तयार होते. आदल्या संध्याकाळी निरोप दिला तर ती सुट्टी, सकाळी कळले तर खाडा. चांगला मुलगा आपला बदली मुलगा तयार ठेवतो. धाकट्या भावाला किंवा मित्राला एकदोनदा लाइन दाखवून ठेवतो. छापखाने वर्षातले मोजकेच दिवस बंद असतात. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला कार्यालये बंद राहिली की दुसऱ्या दिवशी पेपर येत नाही, आणि अशी सुट्टी मुलांनी महिनाभर आधी मोजून ठेवलेली असते.

महिना संपला की काही ठिकाणी वसुलीही मुलाकडे येते. पावतीपुस्तक घेऊन संध्याकाळी दारोदार जायचे, किती दिवस पेपर बंद होता ते वजा करायचे, सुटे पैसे परत द्यायचे. शाळेतले वजाबाकीचे गणित इथे माणसांसमोर करावे लागते. बंद दारामागे जी घरे महिनाभर सारखीच वाटत होती त्यांतली माणसे आता दिसतात. कोणी पाणी विचारते, कोणी कितवीत आहेस म्हणून चौकशी करते. कोणी तिसऱ्यांदा ‘उद्या ये’ सांगते आणि थकबाकी मुलाच्या वहीत राहते. सर्वांत श्रीमंत दिसणारे घर वेळेवर पैसे देतेच असे नाही, हे ज्ञान बहुतेक मुलांना पहिल्या वसुलीतच होते. बोलणी खाल्ली तरी उलट उत्तर न देता पुन्हा जाणे आणि आपला हिशेब बरोबर असेल तर तो शांतपणे दाखवणे, या दोन्ही गोष्टी पुढे आयुष्यभर उपयोगी पडतात. दिवाळीत याच घरांतून पोस्त मिळते : कुठे काही रुपये, कुठे फराळाची पुडी. पोस्त देणाऱ्यांत ‘उद्या ये’ म्हणणारी घरेही असतात. माणसाबद्दल पहिल्या भेटीत मत ठरवू नये हेही त्यातून कळते.

पगार महिन्याचा ठरलेला असतो आणि तो घरांच्या संख्येवर अवलंबून असतो. विक्रेत्याला अंकाच्या किमतीवर कमिशन मिळते, काही ठिकाणी ग्राहक घरपोच देण्याचे थोडे पैसे वेगळे देतात, आणि त्यातून मुलाचा पगार निघतो. पहिला पगार देवापुढे ठेवून आईच्या हातात देण्याची रीत अनेक घरांत आहे. आई त्यातले थोडे परत देते. ते पैसे मागून मिळालेले नसतात, म्हणून ते खर्च करताना हात वेगळा चालतो. मुलाच्या पैशांचा हिशेब त्याला दिसेल असा ठेवणे फार मोलाचे असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दहा वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा बँकांना आहे. त्या खात्यात महिन्याला थोडी रक्कम पडत गेली तर वर्षअखेर मुलाला आपल्या पहाटांची बेरीज एका आकड्यात दिसते.

वाचनाची सवय हा या कामाचा न मागता मिळणारा लाभ आहे. पुरवण्या घालताना मथळे नजरेखालून जातात, क्रिकेटचा निकाल शहर जागे होण्याआधी कळतो, आणि ज्या घरात वर्तमानपत्र घेणे परवडत नाही तिथल्या मुलाला रोज पाच-सहा वर्तमानपत्रे हाताळायला मिळतात. भारताचे माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची पहिली कमाई याच कामाची होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरम स्थानकावर गाडी थांबेनाशी झाली आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे चालत्या गाडीतून खाली टाकले जाऊ लागले. ते गोळा करण्यासाठी त्यांच्या चुलतभावाला मदतनीस हवा होता, आणि ते काम लहानग्या कलामांकडे आले. स्वतःच्या पहिल्या कमाईचा अभिमान अर्धशतकानंतरही आपल्याला जाणवतो, असे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. त्यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो आणि वृत्तपत्र विक्रेते तो वृत्तपत्र विक्रेता दिन म्हणूनही साजरा करतात.

या कामाची किंमत मुख्यतः झोपेतून वसूल होते. किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते. पहाटे साडेचारला उठायचे तर रात्री साडेआठला अंथरूण धरले पाहिजे, आणि एका खोलीच्या घरात ते क्वचितच साधते. तिथे नऊनंतर जेवणे होतात, टीव्ही चालू असतो, पाहुणे येतात. शहरांतल्या पुष्कळ शाळा दोन अधिवेशनांत भरतात. दुपारच्या शाळेतला मुलगा फेरी संपवून तासभर झोपू शकतो, सकाळच्या शाळेतला थेट वर्गात जाऊन बसतो आणि दुसऱ्या तासाला त्याची मान खाली जाते. ज्या शिक्षकांना कारण माहीत असते ते त्याला सांभाळून घेतात. ज्यांना माहीत नसते त्यांच्या दृष्टीने तो आळशी ठरतो. कामावर सर्वांत वक्तशीर असलेला मुलगा शाळेत आळशी म्हणून ओळखला जाणे हा मोठा अन्याय आहे, आणि तो टाळण्यासाठी पालकांनी शाळेत जाऊन एकदा बोलणे पुरते.

कायद्याची भूमिकाही इथे स्पष्ट आहे. बाल व किशोरवयीन कामगारांविषयीचा कायदा १९८६ चा असून २०१६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. तिच्यानुसार १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. शाळेची वेळ सोडून स्वतःच्या कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या व्यवसायात मदत करणे आणि कलाकार म्हणून काम करणे एवढेच अपवाद आहेत. १४ ते १८ वयाच्या किशोरांना धोकादायक कामांवर ठेवता येत नाही. इतर आस्थापनांत त्यांना सलग तीन तासांहून अधिक काम देता येत नाही, विश्रांती धरून दिवसाचे एकूण तास सहापेक्षा जास्त नसावेत, आठवड्याची एक सुट्टी द्यावी लागते, आणि सायंकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत काम देण्यास मनाई आहे. पेपरची लाइन नेमकी या मनाईच्या वेळेत येते. मागच्या पिढ्यांनी जे काम अभिमानाने केले ते आजच्या मुलाला त्याच वयात, त्याच वेळी देणे कायद्याला मान्य नाही. ही मर्यादा योग्यच आहे. त्या पहाटांनी ज्यांना घडवले ते आज कौतुकाने आठवण सांगतात. झोप आणि शाळा दोन्ही गमावून जे मागे पडले त्यांची आठवण कोणी विचारत नाही.

मुलींना ही लाइन क्वचितच मिळाली. पहाटेच्या अंधारात त्यांना एकटे पाठवायला घर तयार नसे. त्यांचे पहिले काम घरात किंवा घराजवळ होते : राख्या बनवणे, साडीला फॉल-पिको करणे, लहान मुलांची शिकवणी, लग्नसराईत मेंदी काढणे, आईबरोबर तिच्या कामाच्या घरी जाणे. यांत मेहनत कमी नव्हती. पण अशा कामाला ठिय्या नव्हता, हजेरी नव्हती आणि बरेचदा पगारही मुलीच्या हातात पडत नव्हता, म्हणून त्याची गणना ‘काम’ म्हणून झालीच नाही. मुलीच्या हातात तिचे पैसे आणि तिच्या नावावर तिचे काम असणे ही दुरुस्ती पहिल्या कामापासूनच व्हायला हवी.

गेल्या काही वर्षांत लाइनीच बदलल्या आहेत. मोबाइलवर बातम्या येऊ लागल्यापासून अनेक घरांनी पेपर बंद केले. मार्च २०२० मध्ये साथीमुळे मुंबई-पुण्यातील वाटप ठप्प झाले, एप्रिलमध्ये राज्य शासनाने घरोघर वाटपावर निर्बंध आणले आणि ते जूनमध्ये सैल झाले. त्या मधल्या काळात सुटलेली काही घरे परत आली नाहीत. सोसायट्यांत सुरक्षारक्षकाकडे गठ्ठा ठेवण्याची पद्धत वाढली. आता लाइनीवर शाळकरी मुलांपेक्षा महाविद्यालयातले तरुण आणि दुसरी नोकरी सांभाळणारी मोठी माणसे अधिक दिसतात.

शाळकरी वयातल्या कामाची गरज मात्र संपलेली नाही. चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुला-मुलीला सुट्टीत किंवा शाळेनंतर दोन-तीन तास करण्यासारखी कामे आजही आहेत : जूनमध्ये वह्या-पुस्तकांच्या दुकानात मदत, गणपतीच्या दिवसांत पूजासाहित्याचा स्टॉल, वाचनालयात पुस्तके लावणे, शेजारच्या लहानांचा अभ्यास घेणे. काम निवडताना लाइनीने शिकवलेल्या कसोट्या लावाव्यात. वेळ ठरलेली असावी. मोबदला आधी बोलून घेतलेला असावा. परीक्षेच्या काळात थांबण्याची मोकळीक असावी. काम कुठे आणि कोणाकडे आहे हे घरी माहीत असावे. आणि ते काम खरे असावे, म्हणजे आपण न गेल्यास कोणाचे तरी अडेल इतके त्याला महत्त्व असावे. ही शेवटची कसोटी नसेल तर पैसे मिळतील, पण वर सांगितलेली मुख्य मिळकत हाती लागणार नाही.

लाइन सोडण्याचीही एक रीत आहे. दहावीचे वर्ष आले की मुलगा महिनाभर आधी विक्रेत्याला सांगतो, नवा मुलगा आणून देतो आणि तीन-चार दिवस त्याच्यासोबत फिरतो. पेपरच्या कडेला पुन्हा पेन्सिलीने क्रमांक लिहिले जातात. कोणत्या जिन्यातला दिवा लागत नाही, कुठला कुत्रा नुसता भुंकतो, कोणाच्या दारात सडा असतो, सहाच्या आधी कोणाला पेपर हवा असतो, हे सगळे तो सांगतो. यातले काहीही विक्रेत्याच्या वहीत लिहिलेले नसते. ते सांगून झाले की चौथ्या-पाचव्या दिवशी नवा मुलगा एकटा निघतो आणि वहीत लाइनीपुढचे नाव बदलते.